विधवा केतुरा पिअर्सन, नवरा हयात

१७९७ च्या ऑक्टोबरात न्यूअर्कच्या कचेरीत फीबी लायनचं नाव पुकारलं गेलं, आणि त्या दिवसापासून तिच्या थोरल्या बहिणीच्या पोटात दुखायला लागलं. ते पुढं कधी पुरतं थांबलं नाही.

न्यू जर्सीचा कायदाच तसा होता. मत द्यायला आलेल्या माणसानं आपली चिठ्ठी पंचाच्या हातात द्यायची. पंचानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याचं नाव पुकारायचं, कारकुनानं ते वहीत लिहायचं आणि मगच चिठ्ठी पेटीत पडायची. त्या वर्षीचा पंच एरवी सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, पिंपं बांधायचा. त्याचा आवाज पार चर्चच्या आवारापर्यंत पोचला.

"फीबी लायन!"

केतुरा तेव्हा बाहेर पायरीवर उभी होती, बहिणीच्या खडावा हातात धरून. चिखलात बूट बुडू नयेत म्हणून बायका बुटाखाली लोखंडी कड्यांच्या खडावा घालत. कचेरीच्या लाकडी जमिनीवर त्या घालून जायची सोय नव्हती. "ताई, एवढ्या धर गं," म्हणून फीबीनं त्या तिच्या हातात दिल्या आणि आत गेली. खडावांचा चिखल केतुराच्या मनगटावरून बाहीत उतरत होता. तिचं स्वतःचं नाव चारचौघांत मोठ्यानं फक्त दोनदा घेतलं गेलं होतं, बाप्तिस्म्याला आणि लग्नाला. आता तिसरी वेळ मयताची, हे तिला त्या पायरीवर उभ्या उभ्या उमगलं.

फीबी बाहेर आली. गाल लाल झाले होते.

"झालं?" केतुरानं विचारलं.

"झालं. कुणी काही म्हटलं नाही गं. कारकुनानं फक्त विचारलं, लायनचं स्पेलिंग तेच ना."

"मग, वाघ झालीस म्हणायची."

"वाघ कसली, पाय गारठलेत. दे त्या इकडं."

केतुरानं खडावा दिल्या. जरा जोरातच दिल्या.

कायद्यात खुसपट काढायला जागा नव्हती. पन्नास पौंडांची मालमत्ता ज्याच्या नावावर, त्याला मत. तो बाप्या असो वा बाई. फीबीचा नवरा ईनॉस लायन कातडी कमवायचा. तो तापानं गेला आणि चुन्याचे हौद, ओकच्या सालीची वखार, मागची बाग, सगळं बायकोच्या नावे करून गेला. फीबी अठ्ठावीस वर्षांची विधवा झाली आणि त्याच दिवशी मतदारही झाली. केतुराचा नवरा जबेझ पिअर्सन बूट शिवायचा. घर होतं, दुकान होतं, सहा माणसं हाताखाली होती. पण लग्नाच्या बाईच्या नावावर अंगातलं पोलकंसुद्धा नसतं. घर जबेझचं, दुकान जबेझचं, पोलकंही जबेझचंच.

बरं, ज्या राज्यात हे मत मिळालं त्या राज्यासाठी भोगलं कुणी? १७७६ च्या जुलैत बापानं चुलीपाशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं. न्यू जर्सीनं इंग्लंडच्या राजाला रामराम ठोकून स्वतःची घटना केली, आणि तीत मताचा हक्क 'सर्व रहिवाशांना' असं लिहिलं होतं. केतुरा तेव्हा चौदाची. तिनं विचारलं, "रहिवासी म्हणजे आम्हीपण?" बाप म्हणाला, "रहिवाशांनी आधी गायींचं दूध काढावं." पण 'नाही' म्हणाला नाही, हे तिनं लक्षात ठेवलं. १७८० च्या हिवाळ्यात राजाचे शिपाई गोठलेल्या नदीवरून चालत गावात घुसले. त्यांनी शाळा जाळली. तेव्हा घरच्या पाच गायी खाजणात हाकत नेल्या त्या केतुरानं. परत आली तेव्हा डाव्या पायाची करंगळी काळी पडली होती. ती कापावी लागली. फीबी तेव्हा अकरा वर्षांची होती आणि गोधडीत डोकं खुपसून रडत होती. करंगळी एकीची गेली आणि मत दुसरीला मिळालं. केतुराला रोज डावा बूट चढवताना हा हिशेब आठवायचा. जबेझ त्या बुटाच्या टोकाला लोकर भरून द्यायचा. गेली सोळा वर्षं न सांगता.

निवडणुका येत राहिल्या. दर ऑक्टोबरात पुढारी मंडळी फीबीच्या दाराशी घोडागाडी पाठवायची. रस्त्यात टोप्या उचलायची. "मिसेस लायन, यंदा आपलं मत काय?" केतुरा शेजारून चालत असली तर तिलाही टोपी उचलायचे, पण तिच्याकडं बघताना डोळे पुढच्या दुकानावर असायचे. एकदा तर कमाल झाली. जबेझनंच जेवताना मक्याच्या भाकरीवर काकवी घेत मेहुणीला विचारलं, "फीबी, या खेपेला कुणाला द्यावं म्हणतेस?"

केतुरानं डाव ताटात आपटला. "आणि मी काय म्हणते ते?"

"तू काय म्हणतेस?"

तिनं एका उमेदवाराचं नाव घेतलं. का, तेही सांगितलं. जबेझनं ऐकलं, मान हलवली आणि दुसऱ्याला मत दिलं. फीबीनं सांगितलेल्याला.

मग केतुरानं वेगळी वाट धरली. तिनं बहिणीचं लग्न जमवायला घेतलं. गावाला वाटलं, काय माया आहे. केतुराला मात्र पक्कं ठाऊक होतं आपण काय करतोय. फीबीनं पुन्हा लग्न केलं की कातडीची वखार नव्या नवऱ्याची, आणि पुकारलं जाणारं नावही त्याचंच. पहिला आणला तो मेणबत्त्या करणारा विधुर. त्याच्यासाठी तिनं बदक भाजलं. दुसरा नावेचा मालक, त्याला खारवलेलं डुकराचं मांस आवडायचं. तिसरा शाळामास्तर. त्याला काहीच आवडायचं नाही, पण खायचा दोघांइतकं.

मास्तर गेल्यावर फीबी भांडी पुसत म्हणाली, "ताई, तुला माझी एवढी काळजी कधीपासून लागली?"

"तू एकटी आहेस म्हणून."

"एकटी? वखारीत नऊ माणसं आहेत. त्यातला प्रायमस एकटाच चौघांएवढं बोलतो." प्रायमस वखारीत कातडी खरवडायचा. गुलामीतून सुटलेला काळा माणूस, नदीकाठी त्याचं स्वतःचं घर होतं. मालमत्ता होती म्हणून तोही मत द्यायचा, अगदी फीबीच्या मागोमाग.

"नवरा असला की आधार असतो."

"असतो ना. जबेझ चांगलाच आहे. पण लग्न केलं तर मग त्या पायरीवर तुझ्या शेजारी मीपण उभी राहणार. दोघी मिळून कुणाच्या खडावा धरायच्या?"

हसत म्हणाली. केतुराही हसली. पण हात पिठात होते ते तिनं इतक्या जोरात मळले, की ती भाकरी दुसऱ्या दिवशी जबेझनं कोंबड्यांना घातली.

१८०७ च्या फेब्रुवारीत सगळा जिल्हा पेटला. जिल्ह्याची नवी कचेरी न्यूअर्कला बांधायची की एलिझाबेथटाउनला, यावर मत घ्यायचं ठरलं. दोन्ही गावांत असं वेड संचारलं की बोलायची सोय नाही. एलिझाबेथटाउनच्या माणसानं न्यूअर्कात येऊन बूट मागितले तर जबेझची माणसं त्याला दोन डावे द्यायची. मतदान तीन दिवस चालायचं होतं. पहिल्याच दिवशी बातमी आली, की तिकडं पोरं, गुलाम, पाहुणे, सगळे मत देतायत. मग न्यूअर्क कशाला मागं राहील? इथल्या बाप्यांनी बहिणींचे झगे घातले आणि दुसऱ्यांदा रांगेत उभे राहिले. दाढी राहिलेला एक तरुण खाटीक तिसऱ्या वेळेला टोपडं घालून आला. पंच म्हणाला, "बाई, तुमचं नाव?" तो म्हणाला, "कुमारी," आणि पुढचं आठवेना. तरी चिठ्ठी पेटीत पडली.

त्या दिवशी फीबी बर्फावर घसरून पाय मुरगळून पडली होती. केतुरा तिला बघायला गेली. फीबी उशीवर टेकून म्हणाली, "ताई, यंदा माझं चुकणार बघ. दहा वर्षांत पहिल्यांदा."

केतुराला वाईट वाटायला हवं होतं. तिला वाटलं ते निराळंच. तिला वाटलं, आज कुणी हिचं नाव पुकारणार नाही. आणि तिथून ती घरी न जाता थेट कचेरीकडं चालू लागली.

रांगेत तिच्या पुढं चौदा जण होते. आतलं आवार दारूनं आणि ओल्या लोकरीनं घमघमत होतं. प्रायमस मत देऊन बाहेर येत होता, त्यानं तिला बघितलं आणि वाट सोडून दिली. तिच्या मागं पाच-सहा माणसं सोडून तिचा नवरा उभा होता. त्यानं तिला बघितलं नव्हतं.

"नाव?" पंच म्हणाला. आता पंच दुसरा होता, किराणा विकणारा. केतुराला तो रोज बघायचा. तिचं घर, तिचा नवरा, सगळं त्याला माहीत होतं.

"केतुरा पिअर्सन."

त्यानं मान वर केली. बाहेर हाकाटी चालली होती, की दुपारपर्यंत तिकडं आपल्यापेक्षा दोनशे मतं जास्त पडली. प्रत्येक चिठ्ठी हवी होती. "अविवाहित?" त्यानं विचारलं. विचारण्यात अडचण नव्हती, तिनं 'हो' म्हणायचं एवढंच होतं. पण पंचेचाळिशीच्या केतुराला 'कुमारी' म्हणवून घेण्याची लाज वाटली.

"विधवा," ती म्हणाली.

पंचानं तिच्या खांद्यावरून मागं पाहिलं. मग चिठ्ठी घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारलं, "विधवा केतुरा पिअर्सन!"

मग रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अरे जबेझ, तू कधी गेलास?"

कचेरीत असा हशा पिकला की कारकुनाची दौत लवंडली. केतुरानं वळून पाहिलं. जबेझ भिंतीला टेकून उभा होता, हातात स्वतःची चिठ्ठी. तो हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं पाय हलवून बूट नीट केला, जसा तो गिऱ्हाईक चुकीचं माप सांगायचं तेव्हा करायचा. त्याची पाळी आली तेव्हा पंचानं विचारलं, "नाव?" जबेझ म्हणाला, "कैलासवासी जबेझ पिअर्सन." आणि मत देऊन बाहेर पडला.

दोघं घरी आली. दारात बूट काढताना म्हणाला, "एवढंच होतं तर मला सांगायचंस. मी तुझ्या सांगण्याप्रमाणं टाकलं असतं."

"तुम्ही टाकलं असतंत. नाव तुमचंच घेतलं असतं ना?"

त्यानं बूट उचलून कोपऱ्यात ठेवले. नाव पुकारलं गेलं होतं, दहा वर्षं ज्यासाठी जळली ते झालं होतं, आणि तिच्या कानात राहिला होता तो हशा.

बातमी लंगडत लंगडत फीबीपर्यंत पोचली. चौथ्या दिवशी फीबीच लंगडत आली. दारातूनच म्हणाली, "ताई, तुला नेमकं काय हवं होतं? तुला मिळावं हे, का माझं जावं हे?"

"मला मिळावं हे."

"खरं सांग."

केतुरा चुलीवरचा भोपळा ढवळत राहिली. खरं सांगायचं तर दोन्ही. एका वेळी दोन्ही. ते तोंडातून काढणं तिला शक्य नव्हतं. फीबी लंगडत परत गेली. पुढं चर्चमध्ये दोघी एकाच बाकावर बसत, मधे प्रार्थनेचं पुस्तक ठेवून.

न्यूअर्क जिंकलं. जितकी माणसं जिल्ह्यात नव्हती तितकी मतं पडली. राज्याच्या सभेनं ते मतदानच रद्द केलं. आता या घोटाळ्याचं खापर कुणाच्या माथी मारायचं? पोटभर सायडर पिऊन तीन-तीनदा मत दिलेल्या बाप्यांच्या? झगे घातलेल्यांच्या? एलिझाबेथटाउनच्या पुढाऱ्यांच्या, आमच्या पुढाऱ्यांच्या? छे. सभेतले सगळे बाप्येच होते, ते स्वतःला कशाला पकडतील. दारूच्या गुत्त्यात उघड बोललं जायचं, "बायकांच्या नादानं झालं सगळं. ती बूटवाल्याची बायको आठवते का, जिनं जिवंत नवऱ्याला गाडलं?" दुकानात गिऱ्हाईक यायचं तेही जबेझला विचारायचं, "मयत माणूस माप घेईल ना?" जबेझ म्हणायचा, "घेईल, पण उधारी बंद."

त्या सप्टेंबरात खाजणाकडून ताप आला, दरवर्षी यायचा तसाच. गावात वीस-एक जण पडले. जबेझ आठ दिवसांत गेला. शेवटच्या दिवशी शुद्धीत होता. केतुरानं त्याच्या ओठांना पाणी लावलं तेव्हा म्हणाला, "बघ, तुझं म्हणणं खरं झालं." तो चेष्टेत म्हणाला होता. सव्वीस वर्षं लोकर भरणाऱ्या माणसाचा दुसरा कसला स्वभाव असणार? पण तिच्या तोंडचं पाणी पळालं ते आयुष्यभर परत आलं नाही.

मयताला पाद्र्यानं तिचं नाव घेतलं, "विधवा केतुरा पिअर्सन". या खेपेला कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरची एक बाई मात्र शेजारणीला म्हणाली, "फेब्रुवारीतच जिभेवर आणलं होतं हिनं." केतुराला ऐकू आलं. मुद्दामच ऐकू जाईल असं म्हटलं होतं.

घर आणि दुकान जबेझनं तिच्या नावावर केलं होतं. मालमत्ता पन्नास पौंडांच्या कितीतरी वर. आता ती खरोखर विधवा होती, खरोखर मतदार. आणि नोव्हेंबरात राज्याच्या सभेनं कायदा केला, की यापुढं मत फक्त गोऱ्या, स्वतंत्र, पुरुष नागरिकांना. कारण काय दिलं? सुव्यवस्था. एकतीस वर्षांपूर्वी घटनेत लिहिलेला 'रहिवासी' हा शब्द एका सकाळी पुसला. कुणी बंड केलं नाही. पुढारी मंडळींनी फीबीला टोपी उचलणं तेवढं बंद केलं.

त्या हिवाळ्यात दोघी बहिणी दोन घरांत बसून सूत काढत राहिल्या.

१८०८ च्या ऑक्टोबरात मतदानाच्या दिवशी केतुरा दुकानाच्या खिडकीपाशी होती. समोरून फीबी चिखलातून कचेरीकडं चाललेली दिसली. खडावा घालून, चांगला गडद निळा झगा घालून. केतुराला कळेना ही कुठं चालली. मग कळलं. तिनं हातातला बूट खाली ठेवला आणि तिच्या मागं निघाली.

पायरीपाशी फीबीनं खडावा काढल्या. त्या ठेवायच्या कुठं म्हणून इकडंतिकडं पाहिलं, तर केतुरा हात पुढं करून उभी.

"दे."

फीबीनं दिल्या. आत गेली. केतुरा दाराशी राहिली.

"नाव?" पंचानं सवयीनं विचारलं. मग वर पाहिलं आणि चिठ्ठीवर हात ठेवला. "मिसेस लायन, आता कायदा बदललाय."

"मला माहीत आहे. दहा वर्षं देत आले मी."

"म्हणून तर. तुम्हाला सांगायला नको."

"तुम्ही नाव तर पुकारा. चिठ्ठी टाकू नका हवी तर."

"ते नाही करता येत."

रांगेतली माणसं जोडे घासत उभी होती. प्रायमस आला नव्हता. तो आलाच नाही, त्याला कायदा समजावून सांगावा लागला नाही. फीबी चिठ्ठी हातात धरून थांबली होती. तिचे गाल पहिल्या वेळेसारखे लाल झाले होते. आणि केतुराला तेव्हाही, त्या क्षणीही, हेवा वाटला. हिच्याकडून काढून घेण्यासारखं काहीतरी आहे. दहा वर्षं आहेत. आपल्याकडं एक दुपार, तीही खोट्याची.

त्याच रागात असेल, हेव्यात असेल किंवा आणखी कशात, तिनं दाराशी उभं राहून, पहिल्या पंचाच्या पिंपातल्या आवाजात पुकारलं, "फीबी लायन!"

चर्चच्या आवारातली घोडी बिचकली. पंच उठून उभा राहिला. कारकुनानं सवयीनं लेखणी दौतीत बुडवली आणि तशीच धरून ठेवली.

फीबी वळली. हळूहळू चालत दाराशी आली. चिठ्ठी तिनं घडी करून पोलक्यात घातली.

"तुझंपण घेऊ का?" तिनं हळू विचारलं.

केतुरानं खाली वाकून खडावा बहिणीच्या पायापाशी ठेवल्या, एकीचा पट्टा सैल झाला होता तो घट्ट केला.

"माझं नको," ती म्हणाली. "माझं एकदा पुकारून झालंय."